सतराव्या चाचणीचं तोंड

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही ताईने चौदा तारखेला माझ्या पिशवीत घातली आणि आज बावीस. आठ दिवस टाळाटाळ केली, आधीच कबूल करून टाकतो. रोज ठरवायचो, जेवल्यावर लिहू, आणि जेवल्यावर माड मोजत बसायचो. (या बाजूचे सत्तावीस. पलीकडचे राहिलेत.) ताईचं म्हणणं, तू काही म्हणजे काहीच शेवटाला नेत नाहीस, निदान रोज चार ओळी तरी ने. खरं आहे तिचं. आयटीआय अर्धी. सावंतवाडीचं मोबाईलचं दुकान पाच महिने. गोव्यात हॉटेलच्या काउंटरवर एक सीझन. आईबाबांच्या मागे तेजस्वीताईने नांदगावला शिलाई मशीन चालवून मला वाढवलं, आणि मी तिला वाढून दिलं काय तर नवीन नवीन पत्ते. या वेळी शब्द दिलाय. हे काम पूर्ण करीन आणि भाऊबिजेला ताठ मानेने घरी येईन. अर्धवट टाकून आलास तर ओवाळणार नाही, असं ती हसत म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

तर काम. तोंडवलीच्या अलीकडे, खाडीकाठी, परशुरामभाईंचा कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, प्रकल्प आहे. एका लांब शेडमध्ये सहाशे चाळीस प्लास्टिकचे डबे, एका डब्यात एक कुर्ली. कुर्ली कात टाकते तेव्हा काही तास लोण्यासारखी मऊ असते. तेवढ्या वेळात उचलली तर हॉटेलवाले अख्खीच्या अख्खी तळतात, कवच फोडायची भानगड नाही. उशीर झाला तर पाण्यात परत कडक होते.

डबे सांभाळायला एक कॉम्प्युटर आहे. वजन किती, पाण्यात मीठ किती, कुणी कात टाकली, सगळं तो बघतो. ते चालतं शेल स्क्रिप्टवर, म्हणजे ओळीखाली ओळ लिहून ठेवलेले हुकूम. आणि ते हुकूम नीट चालतात ना हे बघायला आणखी स्क्रिप्टी, एकूण बेचाळीस चाचण्या, रोज दुपारी बाराला आपोआप चालणाऱ्या. त्यातली सतरावी रोज नापास होते आणि का होते ते सांगत नाही. भाई मुंबईत असतात, ते या रोजच्या नापास होण्याला विटलेत. मला त्यांनी ठेवलंय ते एवढ्यासाठीच: चाचण्यांना कारण बोलायला लाव. मी हे गोव्यात एका पाहुण्याकडून थोडं आणि यूट्यूबवरून बाकीचं शिकलो, ते मी भाईंना सांगितलेलं नाही.

इथे दाजी म्हणून म्हातारे आहेत, खाडीवरचेच, कुर्ल्यांना खायला घालतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मालाच्या काट्यावर उभं केलं आणि शेडभर ऐकू जाईल असं ओरडले, चोपन किलो, तोंडाचा वजन वेगळा! मला आवडले. जागा आवडली; राहायला शेडच्या माळ्यावरची खोली, कॉम्प्युटरही तिथेच. फक्त वास. कुजक्या पेडव्यांचा, म्हणजे कुर्ल्यांना घालतात त्या बारीक माशांचा, आणि खाली त्याहून जुना काहीतरी, ओल्या फडक्यासारखा. तो जिभेवर बसतो. चहासुद्धा त्याच चवीचा लागतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

माझ्या आधी इथे गुरुदास होता, धामापूरचा. चाचण्या त्यानेच लिहिल्यात. माणूस गमतीचा असावा. चाचणी पास झाली की पडद्यावर ‘उजवी’ येतं आणि नापास झाली की ‘डावी’. मला आधी कळेना. मग दाजी म्हणाले की त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवाला कौल लावायचं काम आहे. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाकी देव बोलत नाही.

सतरावी उघडून बघितली आणि खरं सांगतो, रागच आला. या पठ्ठ्याने तिची सगळी ओरड काळ्या भोकात सोडून दिलेली. म्हणजे स्क्रिप्ट जे काही सांगायला जाईल ते सरळ ‘डेव्ह नल’ नावाच्या कचऱ्यात, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. आणि वर टीप लिहिलेली: ‘हिचं तोंड बांधून ठेवलंय. सोडू नये.’ अरे, मग चाचणी लिहिलीस कशाला?

दाजींना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, ह्या जाग्याक राखणदार आसा. त्येका होय-नाय ईचारूचा, कित्याक (म्हणजे का) ईचारूचा नाय. मी म्हटलं दाजी, हा कॉम्प्युटर आहे, देऊळ नाही. ते म्हणाले, माका काय म्हायत, मी आपलो पेडवे कापणारो.

टेबलाच्या खणात वायर शोधताना पातळ, पिवळट, वाकड्या चकत्या मिळाल्या. आधी वाटलं कुर्लीच्या काती. दाजींनीच कालपरवा सांगितलेलं, कात टाकलेली कुर्ली पयली आपलीच कात खाता, डेंग्यांची (नांग्यांची) टोकां तेवढी सोडता. एक चकती उजेडात धरली. खालच्या बाजूला अर्धचंद्र होता. नख होतं. माणसाचं, मुळापासून अख्खं. मोजली. दहा.

हात साबणाने तीनदा धुतले. कसला घाणेरडा माणूस हा गुरुदास. नखं पडली तर टाकून द्यावीत ना.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

काल काही लिहिलं नाही. एक बोट आली होती दुरुस्तीला, ती बघत बसलो. (बोटीचं नाव ‘सृष्टी’. खालून शेवाळ खरवडताना त्यातून किडे पडतात, पांढरे, हलणारे.)

आज तोंड सोडलं. टीप पुसली, कचऱ्याकडे जाणारी वाट काढून टाकली, आणि प्रत्येक चाचणीला तीन ओळी बोलायला लावल्या: काय तपासलं, अपेक्षित काय होतं, मिळालं काय. शिवाय वर एक छोटा हुकूम टाकला की स्क्रिप्ट प्रत्येक पाऊल उचलायच्या आधी अधिकची खूण करून ते पाऊल सांगते. आता ती चालतानाच बोलते.

बाराला चालवली. एकेचाळीस उजव्या. आणि सतरावी:

चाचणी १७, डबा ०
अपेक्षित: ५४
मिळालं: ०
डावी.

चोपन्न तर माझंच वजन. मग डोकं चाललं. काटासुद्धा याच कॉम्प्युटरला जोडलेला आहे. दाजींनी मला तोलला तो आकडा कुठेतरी शिरला असणार. जुन्या नोंदी काढल्या. सप्टेंबरपर्यंत त्या जागी एकसष्ट होते. गुरुदासलाही तोलला असेल दाजींनी, त्यांची ती खोडच आहे.

भाईंना फोटो पाठवला. फार खूश. पहिल्यांदा कळतंय की बिघाड कुठे आहे, म्हणाले. मीसुद्धा खूश. उरला प्रश्न एवढाच की डबा शून्य कुठला? डबे एकपासून सुरू होतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शून्य सापडला.

स्क्रिप्टने वायरचा नंबर सांगितला, मी वायरीमागे गेलो. शेडच्या मागे, खाजणाच्या खारट दलदलीला लागून, चिऱ्याची एक जुनी टाकी आहे, फळ्यांनी झाकलेली. दाजी मेलेल्या कुर्ल्या आणि टाकलेल्या काती तिच्यात ओततात, आणि दर खेपेची पहिली मऊ कुर्लीही तिलाच. राखण म्हणून, म्हणजे राखणदाराचा वाटा. दाजी दुपारचे घरी जेवायला गेले होते. मी फळ्या उचलल्या.

मला आठवायचंसुद्धा नाही, पण ताई म्हणते, लिहिलं की जातं. पाणी नव्हतंच म्हणायचं. करडा रस्सा. वर साय धरलेली, दुधावर धरते तशी, सुरकुत्या पडणारी, आणि तिच्यात पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ. बुडबुडा वर यायचा, साय फुगायची, आणि फुटल्यावर आत बघितल्यासारखं वाटायचं. ऊन टकटकीत होतं आणि माशी एकही नाही. एवढ्या घाणीवर एकही माशी नाही.

वायर आत जात होती. वजनाची चकती तपासायची तर हात घालणं भाग. डावा घातला, कोपरापर्यंत. कोमट. तळाशी चकती लागली. तिच्यावर काहीतरी होतं, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. ते माझ्या हाताखाली वळलं आणि त्याने माझी बोटं धरली. हळूच. लहान मूल धरतं तशी.

ओकलो. तिथेच.

भाईंना फोन करून काम सोडतो म्हणणार होतो. नंबर लावलादेखील. मग ताईचा चेहरा आला डोळ्यांसमोर. पुन्हा अर्धवट? एका कुजक्या टाकीपायी? ठेवून दिला फोन. मासा असेल. वांब असेल.

२७ ऑक्टोबर, रविवार

डाव्या हाताची कातडी सुटतेय. खारं पाणी लागलं असेल. मनगटापासून मोज्यासारखी सैल झालीय, बोट ओढलं की सरकते. दुखत नाही, हेच घाण वाटतं. दुखायला हवं होतं.

बाराची चाचणी:

अपेक्षित: ५४
मिळालं: ३
+ डावा हात, मनगटापर्यंत

ही अधिकवाली ओळ मी लिहिलेली नाही. सगळ्या फायली पालथ्या घातल्या. कुठेच नाही.

गंमत म्हणून काट्यावर उभा राहिलो. एक्कावन्न.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

मिळालं: १४. मी: ४०.

बेरीज करायला आयटीआय पुरी लागत नाही.

दाजींना हात दाखवला. त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. सांगितलेलंय तुका, म्हणाले. गुरुदासान पण आदी असाच कित्याक ईचारलेला. मग त्येना तोंड बांदला, पन तवसर उशीर झालेलो. मग काय झालं त्याचं, विचारलं. तर म्हणाले, काय व्हताला, बरो झालो. सुदारलो. घराक गेलो. आणि पेडवे कापायला बसले.

गुरुदासचा नंबर जुन्या कागदावर मिळाला. उचलला त्याने. आवाज छान, गुबगुबीत, जेवताजेवता बोलत होता. चावण्याचा आवाज सतत. मी माझं नाव सांगायच्या आधी त्याने विचारलं, कितपत इला? चौदा, म्हटलं. म्हणाला, घाबरू नको रे, तू पण बरो होतलंस. फक्त पयले दिवस भूक खूप लागता. आणि हसला. मग विचारलं की खणातली नखं अजून आहेत का, तेवढी टाकून दे म्हणाला, शिसारी येते त्याला त्यांची.

फोनला कान लावलेला तिथे कानाची पाळी चिकटून राहिली. निघाली. पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

३० ऑक्टोबर, बुधवार

पळून जायचं ठरवलं. शब्द गेला खड्ड्यात, ताई समजून घेईल. सकाळी नऊला एसटी स्टॉपकडे निघालो. अर्धी वाट. उन्हात कातडी पापडासारखी वाजायला लागली. घोट्याजवळ तडा गेला. आत बघितलं —

आत काही नव्हतं. रक्त नाही. मांस नाही. ओलसर पोकळी आणि तो वास. तो वास माझ्यातून येत होता.

टाच चपलेत राहिली. परत आलो. ओल्यात बरं वाटतं. ओल्या गोणपाटाखाली बसून लिहितोय.

मिळालं: २६
+ दोन्ही पाय
+ पोहता येणं
+ गोव्याचा पूर्ण सीझन

गोव्यात मी काय करत होतो? मागच्या पानावर लिहिलंय, हॉटेल. वाचून कळलं. आठवत नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नरकचतुर्दशी. दाजी पहाटेच कारीट आणि उटणं ठेवून गेले दाराशी. आत आले नाहीत. रीत म्हणून डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं. फळ फुटलं. अंगठा त्यातच राहिला, नखासकट, टोपीसारखा.

उटणं लावलं नाही. लावलं असतं तर —

मिळालं: ३९
+ पाठ
+ आवाज
+ शिलाई मशीनचा आवाज
+ तेजस्वीताई लहानपणी काय म्हणून हाक मारायची ते

काय म्हणून मारायची?

काय म्हणून?

१ नोव्हेंबर, शुक्रवार

तोंड परत बांधायचा प्रयत्न. ओळ माहीत आहे. कचऱ्याची वाट. एवढीच ओळ. बोटांची टोकं रिकामी, कळ दाबली जात नाही, बोटच दुमडतं. पेन्सिल दातात धरली. दात पेन्सिलीला लागून आले. दोन. मुळं नाहीत त्यांना, शिंपल्यासारखे पोकळ.

पेन मुठीत अडकवून लिहितोय. मूठ ओली ठेवावी लागते.

भाईंचा मेसेज: रोजचा रिपोर्ट एकदम स्पष्ट. शाबास. असंच सविस्तर येऊ दे.

मिळालं: ४८
+ नांदगाव स्टेशनपासून घरापर्यंतची वाट
+ दाराची कडी बाहेरून कशी काढायची ती

ही वाट टाकीतल्या त्याला कशाला हवी. कशाला —

ताईला फोन लावला. आवाज नाही माझ्याकडे. हवा गेली नुसती. ती म्हणत होती, बोल ना रे, दिवाळीक काय खाल्लंस, भाऊबिजेक येतलंस ना. मग म्हणाली, रेंज नाय वाटता. ठेवला तिने.

२ नोव्हेंबर

५३.

टाकीच्या फळ्या बाजूला झाल्यात. दाजींनी नाही केल्या. दाजी कालपासून नाहीत. सहाशे चाळीस कुर्ल्या डब्यांत गप्प आहेत. एरवी खरवडत असतात सारख्या.

मागच्या बाजूने ओल्या पावलांचे ठसे आलेत शेडपर्यंत. दोरीवरचा माझा निळा शर्ट नाही.

मी काट्यावर उभा राहिलो. काटा हलला नाही.

ताई, तू येऊ नको इकडे. मी भाऊबिजेला आलो तर दार उघडू नको. मी आलो तर — मी नसेन तो. हे तुला कसं पाठवू

३ नोव्हेंबर. भाऊबीज

बारा वाजले. चाललं आपोआप.

चाचणी १७, डबा ०
अपेक्षित: ५४
मिळालं: ५४
उजवी.

बेचाळीसच्या बेचाळीस उजव्या. काम पूर्ण झालं ताई. आयुष्यात पहिल्यांदा —

बाहेर रिक्षा थांबली.

माळ्यावर खिडकीला लागून आहे मी, भिंतीला वाळत घातल्यासारखा. फाटकात कुणी उतरलंय. हिरवी साडी, हातात डबा, ताम्हण फडक्यात बांधलेलं.

ताई आलीय. न सांगता. मी गेलो नाही म्हणून तीच आलीय.

ओरडतोय. हवा जातेय नुसती.

शेडच्या मागून तो गेला तिच्याकडे. निळा शर्ट. भरलेला, गुलाबी, चकचकीत. ती म्हणतेय, अरे वा रे! किती सुदारलंस! गाल बघ गो बाय कसे मऊ झालेत! गालाला हात लावला तिने.

तिने डबा पुढे केलाय. करंज्या आणल्यात म्हणतेय, ओवाळून घे, मगे जेव पोटभर.

तो माझ्या आवाजात म्हणाला, तुझा मगे ताई. लय भूक लागली हा. तू हयसरच बस, मी पयलो वरती जावन जेवून येतंय —

ती बसली. खाली ओसरीवर. पदराने वारा घेतेय.

जिन्यावर पावलं. ओली. सावकाश.

ताई, माझी नखं तेवढी तो सोडील, ती खणात बघ. मोज ती. गुरुदासची सोडून दहा असतील. अंगठ्याचं कारिटाला —

दार